जोडीदाराच्या इमिग्रंट व्हिसाची मुंबईतली मुलाखत: काय विचारतात, काय न्यायचं?

रानजाई
नमस्कार मंडळी. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून माझ्या मुलाखतीचं पत्र आलंय. व्हिसा सीआर-१, म्हणजे नवं लग्न झालेल्या जोडीदाराचा. नवरा अमेरिकन नागरिक आहे, न्यू जर्सीत नोकरी करतो. आय-१३० (नवऱ्याने माझ्यासाठी केलेला नात्याचा अर्ज) मंजूर होऊन प्रकरण एनव्हीसीकडे (नॅशनल व्हिसा सेंटर) गेलं, फी भरली, डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) भरला, कागद अपलोड केले आणि आता तारीख मिळाली.

आमचं लग्न ठरवून झालंय. स्थळ आत्याकडून आलं. साखरपुडा आणि लग्न यांत फार अंतर नव्हतं, आणि रजा संपल्यामुळे त्याला लग्नानंतर लगेच परतावं लागलं. एकत्र राहिलो ते फार थोडं. त्यामुळे धास्ती अशी की, "हे खरं लग्न कशावरून?" असं विचारलं तर काय दाखवणार? शिवाय माझ्या कागदांवर नावं वेगवेगळी आहेत. नवऱ्याने यायला हवं का? बाबा म्हणतात, घराचे आणि शेताचे कागद पण घेऊन जा. ज्यांनी हे सगळं केलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

घाटमाथा
रानजाई, अभिनंदन. पहिल्यांदा बाबांना सांगा, सातबारा घरीच ठेवा. पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसाला "मी परत येणार" हे पटवावं लागतं, कारण तिथे कलम २१४(बी) लागतं. इमिग्रंट व्हिसाला ते कलमच नाही. तुम्ही कायमचं राहायला जाताय हे त्यांना माहीत आहे, व्हिसाच त्यासाठी आहे. आपल्याकडे लोकांनी ऐकलेले बहुतेक किस्से पर्यटक व्हिसाचे असतात आणि तीच भीती लोक इथेही घेऊन येतात. ती सोडून द्या.

इथे बघतात ते वेगळंच. लग्न खरं आहे का, अर्जात लिहिलंय ते आणि कागदांवर आहे ते जुळतं का, नवरा तुमचा आर्थिक भार उचलू शकतो का, आणि तुमच्या बाजूने आरोग्य, गुन्हे किंवा पूर्वीच्या वास्तव्यामुळे काही अडचण आहे का. माझ्या मते मुलाखतीचा बराचसा निकाल खिडकीशी जाण्याआधीच फाइलमध्ये लागलेला असतो. म्हणून प्रश्नोत्तरं पाठ करण्यात वेळ घालवू नका, तो कागद तपासण्यात घाला.

आता त्या दिवसाबद्दल. वकिलात बीकेसीत आहे, जी ब्लॉकमध्ये (२०११ मध्ये ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमधून इकडे हलली, म्हणून जुन्या लोकांच्या सांगण्यावर जाऊ नका). मोबाइल, स्मार्ट घड्याळ, लॅपटॉप आत चालत नाहीत. सोबत कुणी आलं असेल तर सगळं त्यांच्याकडे द्या. कागद एका साध्या पारदर्शक फोल्डरमध्ये घ्या.

आत सुरक्षा तपासणी झाली की आधी एका खिडकीवर कर्मचारी कागद मागतात. पत्रात दिलेल्या यादीप्रमाणे मूळ प्रती आणि झेरॉक्स वेगवेगळ्या लावलेल्या असल्या की हे काम झटपट होतं. मग बसायचं आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. ज्यांना मुलाखत म्हटलं की बंद खोली आणि टेबल-खुर्ची डोळ्यांसमोर येते त्यांच्यासाठी सांगते: काचेपलीकडे अधिकारी, अलीकडे आपण उभे, मध्ये माइक. बाजूच्या खिडकीवरचं बोलणंही कानावर पडतं. तिकडे कुणाला नकार मिळाला तर मन हलतं, पण त्यांचं प्रकरण वेगळं असतं, तुमचं वेगळं.

सुरुवातीला उजवा हात वर करून शपथ घ्यायला लावतात की अर्जात लिहिलेलं आणि इथे सांगणार ते खरं आहे. बोटांचे ठसेही जुळवतात. मग प्रश्न. मराठीत बोलायचं असेल तर सुरुवातीलाच तसं सांगा. मोडक्या इंग्रजीत चुकीचं उत्तर देण्यापेक्षा आपल्या भाषेत नीट सांगितलेलं केव्हाही बरं.

नवऱ्याने येणं सक्तीचं नाही.

पाऊसवेडी
घाटमाथाताईंना अनुमोदन. मी मेडिकलबद्दल लिहिते, कारण तारीख हुकते ती बऱ्याचदा तिथे.

मेडिकल वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते, आपल्या फॅमिली डॉक्टरांचा दाखला चालत नाही. जाताना पासपोर्ट, मुलाखतीचं पत्र, फोटो आणि लसीकरणाच्या जेवढ्या नोंदी सापडतील तेवढ्या न्या. लहानपणीचं लसीचं कार्ड आईकडे जुन्या फायलीत असतंच बहुधा, शोधा. नोंद नसेल तर गोवर-गालगुंड-रुबेला, धनुर्वात-घटसर्प, कांजिण्या, हिपॅटायटिस बी वगैरेंपैकी वयाप्रमाणे लागणाऱ्या लसी देतात किंवा प्रतिकारशक्ती तपासतात. कपडे उतरवून साधी शारीरिक तपासणी, रक्त, छातीचा एक्स-रे.

एक्स-रेबद्दल मुद्दाम सांगते. छातीवर जुना डाग दिसला, मग तो कधीचाही असो, तर थुंकीचे तीन नमुने तीन दिवस लागोपाठ घेतात आणि कल्चरचा अहवाल यायला सुमारे आठ आठवडे लागतात. तोवर व्हिसा होत नाही. आपल्याकडे लहानपणी टीबी होऊन बरा झालेले कितीतरी लोक आहेत. तुमचं तसं काही असेल तर लपवू नका. जुने एक्स-रे आणि औषधोपचाराचे कागद घेऊन जा, तुलना करायला डॉक्टरांना उपयोग होतो. आणि मुलाखतीच्या अगदी आदल्या दिवसांवर मेडिकल ठेवू नका.

उलट फार आधीही नको. मेडिकल साधारण सहा महिने चालते आणि व्हिसाची मुदत तिच्याशी बांधलेली असते. गरोदर असाल तर वेळ घेतानाच सांगा. एक्स-रे शिसाचं आवरण घालून काढायचा की बाळंतपणानंतर हे ठरवता येतं, आणि काही लसी त्या काळात देतच नाहीत. डॉक्टरांनी बंद पाकीट हातात दिलं तर ते फोडायचं नाही.

अक्षरओळ
रानजाई, नावांचा प्रश्न विचारलात ते चांगलं केलंत. आपल्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास येतो, आणि डीएस-२६० मधला "वापरलेली इतर नावं" हा रकाना लोक रिकामा सोडतात.

आपल्याकडे एकाच बाईची कागदोपत्री किती नावं असतात बघा. जन्मदाखल्यावर पाळण्यातलं नाव, किंवा बाळाच्या नावाचा रकाना कोराच. शाळेच्या दाखल्यावर नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नात सासरच्यांनी बदललेलं पहिलं नाव. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर, म्हणजे आपल्या नमुना 'ई' वर, लग्नाआधीचं नाव. बँकेत नवऱ्याचं नाव आणि त्याचं आडनाव. पॅनकार्डवर अजून तिसरंच. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. काचेपलीकडच्या माणसाला मात्र ही चार वेगवेगळी माणसं वाटू शकतात.

तर असं करा. सगळे कागद जमिनीवर पसरा आणि प्रत्येकावरचं नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव अक्षरन् अक्षर वाचा. पासपोर्टवरचं नाव प्रमाण माना, व्हिसावर तेच छापलं जातं. बाकीची जितकी नावं सापडतील ती 'इतर नावं' मध्ये गेली आहेत का बघा. राहिली असतील तर मुलाखतीत सुरुवातीलाच सांगा, ते दुरुस्त करून घेतात. नाव राजपत्रात बदललं असेल तर त्या पानाची प्रत जोडा. पासपोर्टवर सासरचं नाव लावलंच पाहिजे असा नियम नाही, माहेरच्या नावाने व्हिसा मिळतो. प्रक्रिया अर्ध्यावर असताना हौसेने पासपोर्ट बदलू नका. नंबर बदलतो, अर्ज आणि पीसीसीवर (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) जुना राहतो आणि विनाकारण गुंता होतो.

जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा असेल तर महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव घालून नवीन दाखला घ्या. नोंदच सापडत नसेल तर अनुपलब्धतेचा दाखला, त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र. फक्त मराठीत असलेल्या कागदाचं इंग्रजी भाषांतर जोडा आणि भाषांतरकाराने ते अचूक असल्याचं सही करून लिहून द्यायला हवं.

आणि हो, पीसीसी म्हणजे पासपोर्ट कार्यालयाचं. पोलीस ठाण्याचा चारित्र्याचा दाखला चालत नाही. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या कुठल्या देशात वर्षभर किंवा जास्त राहिला असाल तर तिथलंही लागतं. दुबई, सिंगापूरला नोकरी केलेल्यांनी हे आधी बघावं.

मुक्कामपोस्ट
प्रश्न कोणते असतात ते कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मी स्वतः बायकोच्या अर्जावर गेलो (ती नागरिक), त्यामुळे पुरुषांच्या बाजूनेही समजा. कसे भेटलात, स्थळ कुणी आणलं, पहिल्यांदा प्रत्यक्ष कुठे भेटलात, लग्न कुठे झालं, साधारण किती लोक होते, त्यांच्याकडून कोण आलं होतं. जोडीदार काय काम करतो, कुठल्या गावात राहतो, घरात अजून कोण आहे. आधीचं लग्न झालं होतं का, ते का मोडलं. रोज बोलता का, कशावर. तिकडे गेल्यावर काय करणार. पूर्वी अमेरिकेत गेला होतात का, कधी कुठला व्हिसा नाकारला होता का.

या शेवटच्या प्रश्नावर लोक गडबडतात. पूर्वी पर्यटक व्हिसा नाकारला असेल तर सरळ "हो" म्हणा. त्या नकारामुळे हा व्हिसा अडत नाही. लपवलंत तर खोटी माहिती दिल्याचा ठपका येऊ शकतो आणि तो कायमचा मागे लागतो. पूर्वी मुदतीपेक्षा जास्त राहिला असाल तर मात्र मुलाखतीआधी वकिलाला विचारा: १८० दिवसांपेक्षा जास्त राहून परतलेल्यांना तीन वर्षं आणि एक वर्ष किंवा जास्त राहिलेल्यांना दहा वर्षं बंदी लागते.

रानजाई, ठरवून झालेल्या लग्नाची काळजी करू नका. मुंबईतले अधिकारी अशी प्रकरणं रोजच बघतात. ओळख कमी दिवसांची होती हे कमीपणाचं नाही, जसं घडलं तसं सांगा.

दवबिंदू
माझ्या मावसबहिणीला एका एजंटने उत्तरं लिहून दिली होती. "आम्ही एकमेकांना समजून घेतले आणि आमचे विचार जुळले" असली वाक्यं. अधिकाऱ्याने विचारलं, कुठले विचार जुळले? ती गप्प. पुढचे साधे प्रश्नही तिला जड गेले, कारण डोक्यात पाठांतर फिरत होतं. शेवटी जास्तीचे पुरावे मागितले. तिचं लग्न शंभर टक्के खरं होतं हो! नवऱ्याच्या पगाराच्या दिवसापासून सासूबाईंच्या गुडघ्यापर्यंत सगळं माहीत होतं तिला. ते विचारलं असतं तर धडाधड सांगितलं असतं. अशा एजंटांना पैसे देऊ नका, कळकळीने सांगते.

पुराव्यांचं म्हणाल तर अल्बम नेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण निवडून न्या.

घाटमाथा
दवबिंदू, अगदी. पुराव्यात काळ दिसला पाहिजे. एकाच दिवशीचे लग्नाचे दीडशे फोटो एकच गोष्ट सांगतात. त्यापेक्षा साखरपुडा, लग्न, नंतरची भेट, दोन्हीकडच्या नातेवाइकांसोबतचे असे वीस-पंचवीस निवडा आणि मागे तारीख, ठिकाण, कोण कोण हे लिहा. नवरा भारतात आला त्याची तिकिटं आणि पासपोर्टवरचे शिक्के, पाठवलेले पैसे, विम्यात किंवा नोकरीच्या कागदांत पत्नी म्हणून तुमचं नाव, एकत्र खातं असेल तर ते. व्हॉट्सॅपच्या संवादाची वही छापू नका. महिन्याकाठी एखादं पान, कॉलच्या नोंदी दिसतील असं, पुरे. बहुतेक वेळा ते यातलं काही मागतही नाहीत, पण मागितलं तर हातात हवं.

समाजमाध्यमांचं विसरू नका. २०१९ पासून डीएस-२६० मध्ये मागच्या पाच वर्षांत वापरलेल्या खात्यांची नावं द्यावी लागतात. फेसबुकवर अजून 'अविवाहित' लिहिलेलं असेल तर प्रश्न येणारच.

रानजाई
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! आजच कागद पसरून बसते. अजून दोन गोष्टी. नवऱ्याचा आधी घटस्फोट झालाय. आणि मधल्या काळात त्याने नोकरी बदलली, त्यामुळे गेल्या वर्षीचं उत्पन्न कमी दिसतं. त्याचा मामेभाऊ जामीन राहायला तयार आहे. चालेल का?

मुक्कामपोस्ट
घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची पूर्ण, न्यायालयाने प्रमाणित केलेली प्रत लागेल, नुसतं पहिलं पान नको. घटस्फोट अंतिम झाल्याची तारीख तुमच्या लग्नाच्या आधीची आहे ना, ते स्वतः तपासा. आणि तो का झाला हे नवऱ्याला मोकळेपणाने विचारून घ्या. आधीच्या लग्नाबद्दल बायकोला काहीच माहीत नाही असं दिसलं तर शंका येते.

उत्पन्नाचं: आय-८६४ मध्ये (जोडीदाराचा आर्थिक भार उचलण्याचं हमीपत्र) दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के दाखवावं लागतं. २०२५ च्या तक्त्यात दोन माणसांच्या घरासाठी ते वर्षाला २६,४३७ डॉलर होतं, आकडा दरवर्षी बदलतो. मुख्य विचार सध्याच्या उत्पन्नाचा होतो. त्यामुळे नवीन नोकरी चांगली असेल तर कंपनीचं पत्र आणि अलीकडच्या पगाराच्या पावत्या जोडा, कदाचित जामिनाची गरजच पडणार नाही. मधे नवीन करवर्षाचं विवरण भरलं असेल तर तेही न्या.

मामेभाऊ चालेल, नात्यातलाच हवा असंही नाही. तो नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असावा, अमेरिकेत राहणारा असावा आणि त्याचं एकट्याचं उत्पन्न त्याच्या घरची माणसं अधिक तुम्ही एवढ्यांना पुरलं पाहिजे. नवऱ्याला स्वतःचा आय-८६४ तरीही द्यावाच लागतो. पण मामेभावाला एक नीट समजावून सांगा: ही सही म्हणजे कायदेशीर करार आहे. तुम्ही नागरिक होईपर्यंत किंवा तुमच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या जमेपर्यंत तो चालू राहतो, आणि पुढे नवराबायको विभक्त झाले तरी सुटत नाही. भिडेखातर कुणाची सही घेऊ नका.

सह्याद्रीपार
माझं थोडं वेगळं आहे. बायको जन्माने अमेरिकन नागरिक, पण आम्ही दोघं कित्येक वर्षं पुण्यातच. आता मुलाखत जवळ आलीय. तिकडे घर नाही, नोकरी नाही.

अक्षरओळ
मग तुमच्या मुलाखतीत 'डोमिसाइल'वर भर असणार. जामीनदाराचं वास्तव्य अमेरिकेत असावं लागतं, किंवा तुम्ही पोहोचाल तोवर ती तिथे स्थायिक होण्याची खरीखुरी तयारी दिसावी लागते. तिकडचं बँक खातं, नोकरीचा देकार किंवा अर्ज, घराचा करार, निदान नातेवाइकांचं राहायला देत असल्याचं पत्र, मुलांच्या शाळाप्रवेशाचे कागद. ती तुमच्याआधी किंवा तुमच्यासोबत जाणार हे दिसलं पाहिजे. आणि परदेशात राहणाऱ्या नागरिकांनाही उत्पन्नाच्या मर्यादेनुसार कर विवरण भरावं लागतं. मागची राहिली असतील तर आधी ती भरा. उत्पन्न इथलं, तिकडे गेल्यावर बंद होणारं असेल तर ते धरत नाहीत, म्हणून तिकडचा जामीन किंवा मालमत्ता लागेल. तुम्हाला ते सातबाऱ्याचे कागद कदाचित खरंच उपयोगी पडतील: विकून वर्षभरात रोख करता येईल आणि तिकडे नेता येईल अशी मालमत्ता धरतात.

पाऊसवेडी
निकालाबद्दल लिहायचं राहिलं. सगळं ठीक असेल तर पासपोर्ट ठेवून घेतात आणि तिथेच तसं सांगतात. काही कमी असेल तर २२१(जी) ची चिठ्ठी देतात. ती हातात आली की बरेच जण बाहेर येऊन रडतात, मी पाहिलंय. अनेकदा एखादा कागद हवा असतो किंवा आणखी तपासणी बाकी असते, तेवढंच. भर म्हणजे संध्याकाळी संकेतस्थळावर बघितलं की 'रिफ्यूज्ड' असं दिसतं! २२१(जी) मधलं प्रकरण तिथे तसंच दाखवतात. दार बंद झालंय असा अर्थ घेऊ नका. चिठ्ठीत लिहिलंय तेच आणि तसंच पाठवा, एक वर्षाच्या आत.

व्हिसा लागल्यावर नाव, जन्मतारीख, वर्ग तपासा. चूक असेल तर विमानात बसण्याआधी कळवा. यूएससीआयएसची (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) इमिग्रंट फी (एप्रिल २०२४ पासून २३५ डॉलर) ऑनलाइन भरा, ती भरल्याशिवाय ग्रीनकार्ड छापत नाहीत. कार्ड यायला वेळ लागला तरी प्रवेशाचा शिक्का मारलेला तो व्हिसाच वर्षभर ग्रीनकार्डासारखा चालतो.

आणि लग्नाला दोन वर्षं पूर्ण व्हायला थोडेच दिवस असतील तर तिकीट काढण्याआधी विचार करा. प्रवेशाच्या दिवशी दोन वर्षं झालेली नसतील तर दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं, मग मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ (अट काढून टाकण्याचा अर्ज) भरायचा. दोन वर्षं उलटल्यावर प्रवेश केलात तर दहा वर्षांचं. व्हिसाची मुदत तेवढी असेल तर थोडं थांबणं फायद्याचं ठरतं. अर्थात नवरा तिकडे वाट बघत असताना थांबायचं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

नदीकाठ
उशिरा आले धाग्यावर. माझं दुसरं लग्न, पहिल्या लग्नाची नऊ वर्षांची मुलगी माझ्याजवळ असते. नवऱ्याकडे ग्रीनकार्ड होतं म्हणून एफ२ए मध्ये (ग्रीनकार्डधारकाच्या जोडीदाराचा आणि मुलांचा वर्ग) अर्ज केला, मुलगी त्यातच होती. आता तो नागरिक झालाय. सगळे म्हणतात आता पटकन होईल. मुलाखतीला दोघींना एकत्र बोलावतील ना?

घाटमाथा
नदीकाठ, हे आजच्या आज बघा. तो नागरिक झाल्याचं प्रमाणपत्र एनव्हीसीला पाठवलंत की तुमचं प्रकरण नागरिकाच्या पत्नीच्या वर्गात जातं आणि व्हिसाच्या रांगेत नंबराची वाट बघावी लागत नाही, हे खरं. पण त्या वर्गात मुलं आईसोबत आपोआप येत नाहीत. एफ२ए मध्ये ती तुमच्या अर्जात होती, आता तिच्यासाठी नवऱ्याने वेगळा आय-१३० भरायला हवा. तुमचं लग्न ती अठराची होण्याआधी झालंय, त्यामुळे सावत्र मुलगी म्हणून तिचा हक्क आहे. तिचा वेगळा डीएस-२६०, वेगळी मेडिकल, वेगळा आय-८६४ लागेल. सोबत ताब्याबाबतचा न्यायालयाचा आदेश, आणि तिच्या वडिलांचे काही हक्क शिल्लक असतील तर तिला देशाबाहेर न्यायला त्यांची लेखी संमती.

आय-१३० आधीच भरला असेल तर त्याचा क्रमांक एनव्हीसीला कळवून दोघींची मुलाखत एकत्र ठेवण्याची विनंती करा. भरला नसेल तर नवऱ्याला आज रात्रीच फोन करा, आणि तिचा अर्ज मंजूर होईपर्यंत तुमची तारीख घ्यायची की थांबायचं हे दोघांनी बसून ठरवा. मुलगी मागे राहिली तर ती कुणाजवळ राहील, शाळेचं काय, हे सगळं त्यात आलं. काही अडलं तर इथेच लिहा, मी बघते.